निपाणीच्या टांग्यातली आमची घोडी

आमचे आप्पा वैद्य होते. घर बेळगावात, पण रोगी बहुतेक खेड्यांतले. आज बेळगुंदी, उद्या कडोली अशी त्यांची फिरती असे, आणि ती सगळी एका करड्या घोडीच्या पाठीवर. तिचा डावा कान टोकाला फाटलेला होता. लहानपणी मीही तिच्यावर बसत असे. आप्पा लगाम धरून बाजूने चालत. लुगडं नेसायला लागल्यावर बसणं बंद झालं, पण रोज सकाळी भिजवलेले हरभरे तिला मीच चारायची.

मच्छे गावाहून परतताना एकदा आप्पा ओढ्याच्या उतारावर पडले. मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण पाय आखूड राहिला आणि घोड्यावर बसणं कायमचं संपलं. वर्षभर घोडी नुसती दारात उभी होती. शेवटी एका दलालाने ती नेली. त्याच साली माझं लग्न झालं आणि मी निपाणीला आले.

सासरी तंबाखूचा व्यापार. दोन्ही जावा मोठ्या घरच्या, माहेरच्या थाटाच्या गोष्टी सांगणाऱ्या. एकदा मीही सांगून टाकलं, की आमची घोडी एका सरदारांनी मागून नेली, तिथे तिच्या दिमतीला दोन माणसं आहेत. साफ खोटं. असं का बोलले ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा तिचं तसं व्हावं असं मलाच वाटत होतं.

तीन वर्षांनी सासूबाईंबरोबर मी माहेराहून परत येत होते. सर्व्हिस मोटारीतून उतरून आम्ही टांगा केला. घरापाशी उतरताना घोडीचं तोंड माझ्याकडे वळलं, आणि फाटका कान दिसला. बरगड्या वर आल्या होत्या, मानेवर साज घासून केस गेले होते. तिने नाक फुरफुरवून माझ्या पदराचा वास घेतला. टांगेवाल्याने लगाम हलवला, तरी ती जागची हलेना.

"ओळखीची आहे काय गं घोडी?" सासूबाईंनी विचारलं.

जावा दारात उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणाले, आणि पदर सावरून आत गेले. मागे चाबकाचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर बाजारात टांगा दिसला की मी बोळातून वाट काढायची. पुढे टांग्याला ती घोडी दिसेनाशी झाली, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. अंथरुणाला खिळलेल्या आप्पांनी एकदा विचारलं, "घोडीचं काही कळलं काय गं? निपाणीकडं गेली म्हणत होते." मी मानेनेच नाही म्हटलं. आप्पा गेले. पाठोपाठ सासूबाईही गेल्या.

आप्पांच्या वर्षश्राद्धाहून परतले त्या दिवशी मात्र मला राहवेना. स्टँडवर त्याच टांगेवाल्याला गाठलं. टांग्याला आता तांबडा घोडा होता.

"ती करडी व्हय?" तो म्हणाला. "घाट चढवंना तिला. धनगराला दिली. पर तुमी आता इचारताय? तुमी दारात उतरला त्याच आठवड्यात तुमच्या सासूबाईंनी मला बोलावून इचारलंतं, घोडी कुठली म्हणून. बेळगावच्या वैद्याची, म्हटलं. तवापास्नं मागल्या दारानं हरभरं द्यायच्या. सुनेला सांगू नगं म्हणायच्या."

त्यानंतर सासूबाई चार वर्षं माझ्यासमोर जेवल्या, माझ्याकडून पाय दाबून घेतले, आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी सांगावं म्हणून थांबल्या असतील. आता विचारायचं कुणाला?

टांगेवाल्यानेच मला धनगरांच्या तळावर नेलं. सुगी संपली की ते दरसाल गावाबाहेरच्या माळावर मेंढरं बसवत. आमच्या माडीवरून त्यांच्या राहुट्या दिसायच्या. एक म्हातारी ताक घुसळत होती. करड्या घोडीचं नाव काढताच तिने रवी थांबवली.

"लई गुणी जनावर. बिऱ्हाड वाहिलं, लेकरं वाहिली, कोकरं वाहिली. दोन वर्सं डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी माझ्या मागनं चालायची. गेल्या चैत्रात गेली. हितंच, त्या बाभळीपल्याड पुरली." मग तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी कोण तिच्या?"

"आमच्या घरची होती ती."

"हितंच ऱ्हाताय न्हवं तुमी? मग कवा आला न्हाईसा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. तिने वाटीत ताक ओतून माझ्यापुढे ठेवलं, ते हातात धरून मी बाभळीकडे बघत बसले.

त्या संध्याकाळी दोन्ही जावांना स्वयंपाकघरात बसवून मी सगळं सांगितलं. सरदार कुणी नव्हता हेही. थोरली भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं, तू सांगितलंस त्या दिवशीच कळलं होतं आम्हाला. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."