ताटलीची मागची बाजू

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवा रायपूरच्या ऑफिसात होतो. पलीकडून माझी पत्नी सुनंदा एवढंच म्हणाली, "वहिनी दुपारी जरा आडव्या झाल्या होत्या... उठल्याच नाहीत." समता कॉलनीतल्या घरी पोचलो तोवर शेजारी जमले होते. देवघरात त्यांनी सकाळी वाहिलेलं फूल अजून ताजं होतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ गेल्यावर पुरानी बस्तीतलं भाड्याचं घर सोडून त्या आमच्याकडे राहायला आल्या. सामान आत घेताना सुनंदानं विचारलं, देव कोणत्या पेटीत आहेत? त्या म्हणाल्या, देव नाहीत, नाव आहे. त्यांचे वडील रेल्वेत होते. बदली झाली की घर बदलायचं. दर वेळी देव हलवायला नकोत म्हणून त्यांच्या आईनं मूर्ती गावी दिराकडे ठेवल्या आणि ताटलीत गंधानं 'राम' लिहून त्याचीच पूजा सुरू केली. वहिनींनी तेच चालू ठेवलं. आंघोळ झाली की चंदन उगाळायचं, बोटानं नाव लिहायचं, फूल-तुळस वाहायची, समोर बसून जप करायचा. दिवस मावळायच्या आत ताटली धुऊन ते पाणी तुळशीला घालायचं.

मी हिशेबाच्या खात्यातला माणूस, पूजेअर्चेत फारसा नसतो. लकवा येऊन गेल्यावर वहिनींचा उजवा हात थरथरू लागला. 'म'चा पाय ताटलीच्या काठाबाहेर जाई, त्या तो पुसून पुन्हा लिहीत, आणि चहाची वेळ टळून जाई. मला वाटलं, शब्द रोज एकच आहे, तर एकदाच पक्का का करू नये? जाड पितळेची, सपाट बुडाची ताटली घेतली, तिच्यावर सुबक अक्षरांत नाव कोरून आणलं आणि मोठ्या समाधानानं ती त्यांच्यापुढे ठेवली. वहिनींनी ती उजेडात धरून नीट पाहिली.

"अक्षर चांगलं आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण हे तर झालेलं काम आहे. मले करायले काय ठेवलं तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ताटली देवघरात होती, पण पालथी. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी गंधानं वाकडंतिकडं नाव लिहिलं होतं. माझ्या भेटीचा मान राहिला, त्यांचं कामही राहिलं. त्यानंतर शेवटपर्यंत त्याच बाजूवर त्या लिहीत राहिल्या.

त्या गेल्या त्या दिवशी ताटली धुवायची राहून गेली. मग सुतक लागलं, देवघराला कोणी हात लावला नाही. तेरावं झालं तेव्हा गंध वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, तरी नाव स्पष्ट वाचता येत होतं. वहिनींची मुलगी मेधा बिलासपूरहून आली होती. ती मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. "काका, मम्मी के हाथ का आख़िरी है," ती म्हणाली. "इसे मत धोइए." तिला ती ताटली काचेखाली बसवून घरी न्यायची होती. वहिनींच्या हातचं दुसरं काही लिहिलेलं तिच्याकडे नव्हतं. मलाही पटलं. मी टेप आणून ताटलीचं माप घेऊ लागलो, फ्रेम खोल लागेल, काच गंधाला टेकता कामा नये, असं तिला समजावू लागलो.

सुनंदा दारात उभी होती. "तुम्ही पुन्हा तेच करून राहिले," ती म्हणाली.

मी टेप गुंडाळून ठेवला. मेधा बराच वेळ ताटलीकडे पाहत राहिली... मग तिनंच ती उचलली आणि मोरीत न नेता अंगणात तुळशीपाशी नेली. तांब्यातलं पाणी अगदी हळू सोडलं. वाळलेलं गंध लगेच सुटेना. तिला बोटानं चोळावं लागलं. आधी 'म' गेला.

सकाळी निघण्यापूर्वी तिनं आंघोळ करून नाव लिहिलं. ती गेल्यावर संध्याकाळी मी ताटली धुतली, आणि दुसऱ्या दिवशी सुनंदा काही बोलायच्या आत सहाणेपाशी बसलो. आता रोज मीच लिहितो. माझा 'म' काठाच्या आत राहतो. जप काही जमत नाही. नुसता समोर बसतो. ऑफिसात पोचून चष्मा पुसायला घेतो, तेव्हा बोटाला चंदनाचा वास असतो.