तीस फुटांवरून बघायचं झाड

पडदेवाल्यानं उभं आयुष्य नाटकांसाठी अरण्यं रंगवण्यात घालवलं. सरसात कालवलेला रंग, हातभर रुंद ब्रश आणि जमिनीवर अंथरलेलं कापड. पडदा वर गेला की पहिली टाळी त्याच्या झाडांना पडायची, नायिका त्यानंतर यायची आणि मनातून जळायची. काय दिवस होते! पुढे नाटकवाल्यांनी प्रोजेक्टर आणला आणि पडदेवाला घरी बसला.

म्हणून संशोधन केंद्रातली मुलगी दारात उभी राहिली, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं.

"काका, आम्ही यंत्राला चित्रं काढायला शिकवतोय. तुमच्या हातची हवीत. आठवड्याला एक."

बायको आतून म्हणाली, "घ्या! म्हातारपणी मास्तरकी आली."

तोंडानं टोमणा, पण संध्याकाळपर्यंत तिनं जावयापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. पडदेवाल्यानं सहा महिने जीव ओतला. झाडं, डोंगर, पुन्हा झाडं. यंत्रात का होईना, आपला हात मागे राहील, एवढीच त्याची आस होती.

मग केंद्रानं पाहुण्यांना बोलावलं. पडदेवाला बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसला. केंद्राचे मोठे सर भिंतीएवढ्या पडद्यासमोर उभे राहिले. डावीकडे सुरेख चित्रं झळकली, उजवीकडे दुसरी, आणि त्यांच्यावर ठसठशीत अक्षरं होती : 'टाळायचे नमुने'.

"यंत्राला चांगलं दाखवून भागत नाही," सर म्हणाले. "वाईट काय तेही दाखवावं लागतं. हे फराटे बघा, ही चिखलासारखी पानं!"

"अहो," बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "ते तुमचं झाड ना?"

मागच्या रांगेत खसखस पिकली. सरही हसले. मुलगी तेवढी मान खाली घालून बसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला गाठलं. "अगं पोरी, ते जवळून बघायचं नसतं. तीस फुटांवरून बघ, मग बोल."

"काका, स्कॅनर जवळूनच बघतो."

महिनाभर खपून त्यानं एक झाड रंगवलं, पावसानंतरचं. तरुणपणीही असं उतरलं नव्हतं. ते त्यानं केंद्राच्या लांबलचक व्हरांड्याच्या एका टोकाला टांगलं आणि मुलीला दंडाला धरून दुसऱ्या टोकाला नेलं.

"आता वळ."

ती वळली आणि तिनं नकळत तळहात पुढे केला. म्हणाली, "काका, पानं ओली आहेत हो. आत्ता थेंब पडेल."

पडदेवाल्याला पुन्हा ऐकू आली, तीच ती टाळी!

मुलगी चालत गेली, कापड उतरवलं आणि स्कॅनरच्या काचेवर पसरलं. स्क्रीनवर फराटे उमटले. तिनं ते चित्र एका फोल्डरमध्ये टाकलं.

"कुठल्या?" त्यानं विचारलं.

"त्याच." ती खरोखर प्रेमानं म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. आजवरच्या सगळ्यांत हाच नमुना जास्त उपयोगी आहे. यात जेवढे दोष सापडतील, तेवढे दुसऱ्या कशात नव्हते."

पडदेवाल्यानं बोटाला लागलेला हिरवा रंग धोतराला पुसला. घरी बायको वाट बघत असेल, विचारेल. त्यानं घसा खाकरला.

"मग पुढचा कधी आणू?"