खान्देशातला हिटर

मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको. ती धुळ्यात राहते, मी जळगावात, आणि आई गेल्यापासून आमचे आबा तिच्याकडे असतात. आबांचं गॅरेज आता तीच चालवते. लहानपणी आबा गाडीखाली शिरले की पाना द्यायला तिला हाक मारायचे आणि मला सांगायचे, "अक्का, चहा टाक." घरात सगळे मला अक्काच म्हणतात, आबासुद्धा. चहा मी फर्स्टक्लास करते. पण त्याचं काय लोणचं घालायचंय?

मागच्या वर्षी मी आबांना म्हटलं, आता माझ्याकडे राहायला या. खालच्या मजल्यावरची खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतली, आरामखुर्ची आणली, गुडघे दुखतात म्हणून बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. आबा म्हणाले, "येतो ना. शेठची गाडी पूर्ण झाली की येतो, मग कायमचा."

शेठ म्हणजे दोंडाईच्याचे एक मारवाडी व्यापारी. त्यांनी ती गाडी दुरुस्तीला म्हणून गॅरेजात टाकली आणि नेलीच नाही. पुढे त्यांच्या मुलांनी "आबा, तुम्हीच ठेवा" म्हणून तिचे कागद आबांच्या नावावर करून दिले. लांबलचक गाडी. एसी आणि हिटर दोन्ही असलेली. कित्येक वर्षं ती कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती, आणि आता बापलेकीने तिला पहिल्यासारखी करायला घेतली होती.

रोज मोबाइलवर फोटो यायचे. आज रंग दिला, आज सीट शिवून आल्या, आज काच बसली. प्रत्येक फोटोत आबा हसताहेत आणि शेजारी ही, कपाळाला ग्रीस फासून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. माझ्याकडे चार दिवस येतात तेव्हा हेच आबा पेपर वाचून संपवतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतात. तिथे मात्र दात काढायला सुचतं!

एप्रिलमध्ये धाकटीचा फोन आला. हिटर आणि एसी बसवला की गाडी झाली. मी त्याच आठवड्यात पारोळ्यावरून जाणारी बस धरली आणि धुळं गाठलं. आबांना घेऊनच परतायचं, असं ठरवून गेले होते.

गॅरेजात बघते तर गाडीचा डॅशबोर्ड बाहेर काढून ठेवलेला. त्याच्या मागे एक मोठी पेटी बसते. पेटीत एसीची थंड जाळी आणि तिला लागूनच हिटरची तांब्याची जाळी. इंजिनातलं गरम पाणी त्या तांब्यात फिरवलं की गाडीत गरम हवा येते. आमच्याकडे हे कुणाला हवंय? कुठलीही गाडी गॅरेजात आली की आबा आधी हिटरचे पाइप काढून बाहेरच्या बाहेर जोडून टाकायचे. गिऱ्हाईक विचारायचंसुद्धा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "वरे सूर्य शे, आखो काय जोयजे?" वर सूर्य आहे की, आणखी काय पाहिजे! अख्ख्या खान्देशातले मेकॅनिक हेच करतात.

आणि तेच आबा या वेळी हटून बसले होते, की हिटर बसणारच, गाडी होती तशीच झाली पाहिजे.

"आबा, एप्रिलमध्ये हिटर?" मी म्हटलं.

"अक्का, तुला नाही कळायचं त्यातलं," धाकटी गाडीतूनच म्हणाली.

झालं! मी आपली चहा टाकायला गेले. दोघांची डोकी डॅशबोर्डच्या पोकळीत शेजारी शेजारी शिरलेली, आणि मला दिसत होत्या फक्त दोन पाठी. धाकटीने पेटी बसवली, स्क्रू आवळले. हिटरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आणि त्याची केबल आबांनी जोडली. मग डॅशबोर्ड चढला, गॅसवाल्याने येऊन एसीत गॅस भरला. आबांची बॅग मी स्वतः भरली, धोतराच्या घड्या करकरीत घालून.

चाचणीला आम्ही तिघं पारोळा रोडला निघालो. आबा पुढे, धाकटी चालवायला, मी मागे. एसी लावला. आहाहा! गार हवा आली आणि मला माझी जळगावची खोली दिसायला लागली. पण इंजिन तापलं तशी हवा कोमट झाली, मग गरम, मग तव्यावर तोंड धरल्यासारखी. घामाने पदर ओला झाला. गॅरेजात परतल्यावर गॅसवाल्याने तपासलं. गॅस पूर्ण, पाइप गार. त्याने हात झटकले.

"डॅशबोर्ड पुन्हा खोलावा लागेल," आबा म्हणाले. "दीड-दोन महिने जातील."

माझं डोकंच फिरलं. "हे तू मुद्दाम केलंस," मी धाकटीला म्हटलं. "आबा तुझ्याकडेच राहावेत म्हणून! आयुष्यभर तेच केलंस, चिकटून बसलीस. एकदा तरी मला मिळू दे की गं!"

"अक्का, तोंड सांभाळ," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले.

"तिले काही बोलू नको," आबा म्हणाले. "केबल मी उलटी लावली. डॅशबोर्डवरची दांडी थंडवर केली की गरम पाणी सुरू होतं."

"चुकून?"

आबांनी मान हलवली. नाही.

धाकटीही त्यांच्याकडे बघतच राहिली. तिलाही माहीत नव्हतं. आणि खरं सांगते, तेवढ्यातही मला जरा बरं वाटलं.

"का, आबा? मी काय कमी केलं?"

"कमी काही नही, माय," ते खाली बघत म्हणाले. "तुन्हा घरमा बठ्ठं शे. माले काम तेवढं नही."

माझ्या घरात सगळं होतं, त्यांना करायला काम तेवढं नव्हतं. मी एकदम म्हटलं, "आमचा कूलर आवाज करतो." साफ खोटं. कूलर मागच्याच महिन्यात आणलेला, नवा कोरा.

आबांनी मान वर केली. "कसा आवाज?"

कसा? मला काय ठाऊक! त्यांच्याशेजारी कधी बसलेच नव्हते मी. आबा थांबून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"खडखड," मागून धाकटी म्हणाली. "सुरू केला की आधी घुमतो, मग खडखड करतो. परवा फोनवर मला ऐकू आला ना अक्काकडे."

"म्हणजे बेअरिंग गेलं," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "ते बाहेरच्या माणसाकडे नको देऊ, वाट लावून ठेवतात. मी येतो. पानेबिने घ्यावे लागतील."

आणि ते पाने निवडायला आत गेलेसुद्धा. धाकटीने माझ्याकडे बघितलं नाही, फडक्याने हात पुसत राहिली.

आबा माझ्याकडे यायला निघाले होते. माझ्यासाठी तेही तिनेच जमवलं.