दुसऱ्या कडव्याला रडणाऱ्या कमलताई

कमलताई गायकवाड यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रडत होत्या. आनंदनगर एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत, डिस्पॅचच्या ऑफिसात मी नुकतीच लागले होते. कसलीशी सही घ्यायला पॅकिंगमध्ये गेले, तर पन्नाशीच्या एक बाई डोक्याला जाळीची टोपी लावून खोके चिकटवत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. घरी काहीतरी वाईट घडलं असणार, असं मला वाटलं. मी घाबरून जवळ गेले.

"काय झालं ताई?"

"काही नाही मॅडम. दुसरं कडवं आलं."

त्या गुणगुणत होत्या, हे मला तेव्हा कळलं. शेजारच्या मुली खुदकन हसल्या. कमलताईंनी बाहीला डोळे पुसले, मला सही दिली आणि ते गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

गाणं जितकं रडकं, तितकं त्यांना प्रिय. ताटातूट, न पोचलेला निरोप, परगावी दिलेली लेक, दारात वाट बघणारी म्हातारी. मराठी असो की हिंदी, त्यांना सगळं चालायचं. जयंतीच्या दिवसांत वस्तीत भीमगीतं त्याच म्हणायच्या, आणि तिथेही त्यांचा आवाज भरून यायचाच. आमचा सुपरवायझर एकदा म्हणाला, "ताई, ही सगळी रडारड जुनी झाली आता." त्या हात न थांबवता म्हणाल्या, "भूक पण जुनीच आहे की साहेब. रोज लागते." रडण्याबद्दल कुणी चिडवलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "घाम येतो तेव्हा कोण विचारतं का, का आला म्हणून? तसंच हे."

दर रविवारी संध्याकाळी त्या उल्हासनगरला, कॅम्प पाचला जायच्या. तिथे रमेशशेठ नावाचे एक सिंधी गृहस्थ आपल्या कापडाच्या दुकानावरच्या खोलीत कराओके क्लब चालवायचे. निवृत्त कारकून, ब्युटीपार्लरवाल्या, एक डेंटिस्ट असे सगळे गाण्यासाठी नंबर लावून बसायचे. कमलताईंनी एकदा मलाही ओढून नेलं. रमेशशेठनी दारातच स्वागत केलं, "आओ साईं, बैठो. इधर कोई शरमाता नहीं. सूर गया तो गया, दिल नहीं जाना चाहिए." मग त्यांनी आणि कमलताईंनी एक द्वंद्वगीत म्हटलं. भेटायचं ठरवून भेटू न शकलेल्या दोघांचं ते गाणं होतं. दुसऱ्या कडव्याला अर्थातच पाणी आलं. शेठचंही नाक लाल झालं.

खोलीच्या मागच्या रांगेत ताईंची पर्स मांडीवर घेऊन त्यांचे यजमान बसलेले असायचे. गायकवाडभाऊ उल्हासनगरातच लेथवर काम करायचे. माणूस अबोल. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही नाही गात?" ते म्हणाले, "आपल्याला नाय कळत त्यातलं. ती खूश असते, म्हणून येतो."

मग निलेशचं लग्न ठरलं. निलेश त्यांचा एकुलता एक मुलगा, ऐरोलीला मोठ्या कंपनीत इंजिनीअर. मुलगी पुण्याची, वडील प्राध्यापक. सगळं छान जुळत होतं, आणि नेमका त्याच सुमाराला क्लबातल्या कुणीतरी त्या द्वंद्वगीताचा व्हिडिओ पुढे पाठवला. तो फिरत फिरत निलेशच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोचला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

निलेश घरी येऊन म्हणाला, "आई, प्लीज. निदान लग्न होईपर्यंत तरी हे बंद कर. उद्या त्या लोकांनी बघितलं तर काय वाटेल?"

कमलताईंनी गाणं बंद केलं. रविवारचं तर केलंच, पण पॅकिंगमधलंही केलं. मुलींनी विचारलं तर म्हणायच्या, "घसा बसलाय." खोके वाहून नेणाऱ्या पट्ट्याची घरघर आम्हाला तोवर कधी ऐकू आली नव्हती, ती आता दिवसभर ऐकू येऊ लागली. एकदा सुट्टी झाल्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या असताना मी त्यांना खोदून विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरगं चुकीचं नाय बोललं गं वर्षा. लोक हसतात, हे मला माहीतच आहे. लोक हसले त्याचं मला काय नाय वाटलं. त्याला लाज वाटली ना, त्याचं वाटलं."

साखरपुडा बदलापूरच्या एका हॉलवर झाला. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या, जेवणाची पानं मांडेपर्यंत वेळ होता, म्हणून पोरांनी माइक घेतला. कुणी नव्या गाण्यांवर नाचलं, कुणी रॅप केलं. कमलताई नवी पैठणी नेसून खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पाहुण्यांसारख्या.

आणि गायकवाडभाऊ उठले. त्यांनी पुतण्याच्या हातातून माइक घेतला.

"पप्पा?" निलेश म्हणाला.

भाऊंनी घसा खाकरला आणि ते द्वंद्वगीत सुरू केलं. इतकं बेसूर गाणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. शब्द मात्र सगळे बरोबर होते. पुरुषाची ओळ संपली तसे ते थांबले आणि ताईंकडे बघत उभे राहिले. बाईची ओळ रिकामीच गेली. पोरं हसायला लागली. भाऊंच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पुढची ओळ म्हटली, पुन्हा थांबले. ताईंनी निलेशकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

भाऊंनी तिसरी ओळ म्हटली. ते थांबले आणि या वेळी खुर्चीतून आवाज आला. माइक नव्हता, तरी तो हॉलभर पोचला. ताई उठल्या, भाऊंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्या दोघांनी गाणं पुढे नेलं. दुसऱ्या कडव्याला ताईंच्या डोळ्यांना धार लागली आणि त्या मध्येच थांबल्या, तर नवरीची आजी पहिल्या रांगेतून ओरडली, "अहो विहीणबाई, थांबताय काय! पुढचं म्हणा!" आजीबाई स्वतः पदराने डोळे पुसत होत्या.

माइकची वायर भाऊंच्या पायात अडकत होती. निलेश पुढे आला आणि खाली बसून ती सोडवू लागला. वायर केव्हाच सुटली होती, तरी तो बराच वेळ खाली मान घालून तसाच बसून राहिला. गाणं संपल्यावर उठून तो आईच्या गळ्यात पडला. काय बोलला, ते मला ऐकू आलं नाही.

जेवताना मी भाऊंना विचारलं, "तुम्हाला सगळं पाठ कसं?"

"दर रविवारी ऐकतो की. बहिरा थोडाच आहे."

त्यानंतर काही महिन्यांनी ताई कंपनीतून निवृत्त झाल्या. आता सगळं कुटुंब बदलापूरला नव्या फ्लॅटमध्ये राहतं. कॅम्प पाचची रविवारची फेरी मात्र चुकत नाही. परवा मी तिथे गेले होते. भाऊंचाही आता स्वतःचा नंबर असतो आणि ते अजून तसेच गातात. रमेशशेठ मला हळूच म्हणाले, "दीदी, मैंने हाथ जोड़ लिए. इनका स्केल भगवान को भी नहीं मिलेगा."

मी ताईंना गमतीनं म्हटलं, "ताई, शिकवा की भाऊंना थोडं सुरात गायला."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "सुरात गाणारे ढीगभर मिळतील गं. माझ्यासाठी चारचौघांत बेसूर होणारा हा एकच." इतक्यात शेठनी त्यांचं नाव पुकारलं. पदर खोचून ताई माइककडे निघाल्या.