छापण्याआधी वाचून दाखवणारे आप्पा

भटूआप्पांची नि माझी ओळख झाली, ती त्यांनी माझी पहिली मोठी बातमी मोडीत काढली त्या दिवशी. मी नंदुरबारच्या एका दैनिकात नवी होते आणि आप्पा शहाद्याचे जुने वार्ताहर. आज ते पंचाहत्तरी गाठत आहेत, तेव्हा माझी फजिती जाहीर करायला हरकत नाही.

सातपुड्यातला पिण्याच्या पाण्याचा झिरा होळीआधीच आटू लागला, पुढे एका पावसात शेतही वाहून गेलं, म्हणून खेतीबाईंचं कुटुंब डोंगर उतरून शहाद्याशेजारच्या लोणखेड्याजवळ येऊन राहिलं होतं. मला हवामानबदलाने विस्थापित झालेल्यांचा फोटो हवा होता, तोही काळीज पिळवटणारा. खेतीबाई नेमक्या नवं लुगडं नेसून हसतमुख! मी त्यांना जुनं नेसायला लावलं. ऊस-केळीच्या त्या हिरव्यागार मुलखात भेगाळलेली जमीन शोधण्यात माझा तास गेला. शेवटी एका कोरड्या शेततळ्यात त्यांना बसवलं आणि आभाळाकडे बघायला सांगितलं.

मला तिथे घेऊन गेलेल्या आप्पांचा शिरस्ता असा, की ज्याची बातमी त्याला ती आधी वाचून दाखवायची. बातमी लिहून होताच माझ्या हातातला कागद घेऊन ते खेतीबाईंच्या अंगणातच खड्या आवाजात वाचू लागले. ‘निराधार’ शब्दाला खेतीबाई उसळल्या.

“निराधार कोन? मन्हा तीन पोऱ्या शेतस, चार बकऱ्या शेतस! परवा मोठाले देखाले पोरीवाला येतीन. हाई छापं तं मन्हा पोऱ्याले पोर कोन दी?”

नव्या लुगड्याचं कारण मला तेव्हा कळलं: तो फोटो मोठ्या मुलाला बघायला येणाऱ्यांच्या नजरेस पडणार होता. विचारायचं सुचलंच नव्हतं.

आप्पा रागावले नाहीत. “बेटा, लुगडं तू बदलाले लायं, ते बातमीमा लिखं का?” एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग खेतीबाई सांगत गेल्या नि मी लिहीत गेले: वाहून जाईपर्यंत शेत चांगलं पिकत होतं, मुलं ऊसतोडीला जातात, इथे हातपंप आहे, रेशनकार्ड मात्र अजून डोंगरातल्या गावचंच. फोटो नव्या लुगड्यातला. बातमी उशिरा गेली, तेव्हा संपादकांची बोलणी आप्पांनी स्वतःवर घेतली.

पाहुणे आले त्या दिवशी आप्पांबरोबर मीही तिथे होते. मुलीच्या वडिलांनी खिशातून आमच्या बातमीचं कात्रण काढलं. खेतीबाईंचा चेहरा उतरला; सोयरीक मोडली, असंच मला वाटलं. पण मुलीच्या वडिलांनी कात्रणातल्या ‘हातपंप’ शब्दावर बोट ठेवलं.

“सोयरीक पक्की. पन आमना झिरा बी आटना. आमले इथं जागा भेटी का?”

आप्पा वही काढून त्यांच्याजवळ जाऊन बसले.

आप्पांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. डोंगरातून घरं अजून खाली उतरत आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपली बातमी जगाच्या आधी ऐकायची आहे.