न तुटलेला दोरा

सुप्याच्या पलीकडच्या माळावरची ती रविवारची सकाळ आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी चिडू नका म्हणून बजावलं, पण या एका प्रकरणाचा राग काही उतरला नाही. उतरावा अशी इच्छाही नाही.

त्या माळावर एक खासगी धावपट्टी होती. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी तिथं यायची, छोट्या विमानातून वर जायची आणि पाठीला पॅराशूट बांधून खाली उड्या मारायची. आमच्या भागातल्या लोकांना सुरुवातीला याचं हसू यायचं. "पैसे देऊन पडायचं व्हय?" असं एका म्हाताऱ्यानं मला बंदोबस्ताच्या वेळी विचारलं होतं. पुढे सवय झाली. एखादा वाऱ्यानं भरकटून कांद्याच्या वाफ्यात उतरला की शेतकरी आधी शिव्या घालायचा, मग पाणी पाजायचा आणि मोटारसायकलवर मागे बसवून परत नेऊन सोडायचा.

धावपट्टीच्या कडेला पत्र्याची मोठी शेड होती. तिथं ताडपत्री अंथरून गावातल्या काही बाया उतरलेल्या पॅराशूटच्या घड्या घालून पिशव्या भरायच्या. त्यांना पॅकर म्हणत. त्यांच्यातल्या थोरलीला सगळे मावशी म्हणायचे. ती मूळची पाथर्डीकडची. लग्नानंतर बरीच वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. इथं काम मिळालं तेव्हा तिनं कोयता खाली ठेवला, नवरा कांदा मार्केटला हमाली करू लागला आणि पोरं पहिल्यांदाच जून ते एप्रिल एका शाळेत बसली. त्या घराचं सगळं या घड्यांवर उभं होतं.

वाचकांना एक गोष्ट आधी सांगतो. उडी मारणाऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात. मोठं रोजचं, ते मावशी आणि तिच्या जोडीदारणी भरत. दुसरं राखीव, मोठ्यानं दगा दिला तर उघडायचं. राखीवला पॅकरनं हात लावायचा नाही. ठरावीक मुदतीनं ते उघडून, तपासून, पुन्हा भरण्याचा अधिकार फक्त परवाना असलेल्या तज्ज्ञाचा. भरून झालं की पिशवीचं तोंड दोरीच्या एका फासानं बंद होतं, फासात पिन जाते, आणि तज्ज्ञ त्या पिनेला बारीक लाल दोरा बांधून त्यावर शिशाची मोहोर दाबतो. मोहोर दिसली की माणूस निर्धास्त होतो. आम्ही पोलीसही मुद्देमालावर दोरा आणि लाखच लावतो, त्यामुळे मला हे लगेच समजलं.

त्या सकाळी फोन आला तो ठाणे अंमलदाराला नाही, थेट मला. फोनवर त्या उड्यांच्या केंद्राचा मालक होता.

"साहेब, आमच्याकडे अपघात झालाय. ज्या बाईमुळे झाला तिला बसवून ठेवलंय. तुम्ही या."

मेलं कोण, हे त्यानं मी विचारल्यावर सांगितलं. खबर देणारा माणूस आधी काय सांगतो आणि नंतर काय, हे मी नेहमी लक्षात ठेवत आलो. ज्याला मेलेल्याच्या आधी आरोपी आठवतो, त्याच्याकडे पुन्हा एकदा बघावं.

मेला होता तिथला प्रशिक्षक. सैन्यातून निवृत्त झालेला, या कामात मुरलेला माणूस. काढणी झालेल्या हरभऱ्याच्या रानात तो पडला होता. मोठं पॅराशूट गुंतलं म्हणून त्यानं ते नियमाप्रमाणे तोडून सोडलं होतं, ते लांब एका बाभळीवर लोंबत होतं. राखीवची पिशवी मात्र पाठीवर जशीच्या तशी बंद होती. तिची पिन खेचणारी मूठ त्यानं दोन्ही हातांनी ओढली होती. बोटांची कातडी सोलून निघाली होती. जमीन वर येत असताना तो माणूस किती जोर लावत असेल, याचा विचार मला आजही नको वाटतो.

शेडमध्ये मावशी जमिनीवर बसून ऊर बडवत होती. "माझ्याच हातनं गेला वो साहेब! मीच भरली हुती ती छत्री. मला न्या, मला फाशी द्या." पुण्याहून आलेले दोघं-तिघं मोबाईलवर तिचं चित्रीकरण करत होते. मी ते मोबाईल खिशात घालायला लावले, ते जरा जोरातच.

मालक माझ्या कानाशी आला. "बघा साहेब, स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय."

माझा फौजदारही हळूच म्हणाला, "सर, साक्षीदार भरपूर आहेत. निष्काळजीपणाचा गुन्हा घेऊ, बाईला अटक दाखवू, संध्याकाळपर्यंत मोकळे." तेवढ्यात वरून फोनही आला. त्या भागात पर्यटन वाढतंय, उद्योजक भला माणूस आहे, समजून घ्या. मी म्हणालो, "समजूनच घेतोय सर, म्हणून वेळ लागतोय." गरीब माणसाला उचलायचं असलं की आपल्या खात्यात सगळ्यांच्या अंगात कुठून एवढा उत्साह येतो, हे मला नोकरीभर कळलं नाही.

अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. फौजदार राखीवची पिशवी उघडायला निघाला होता, त्याला थांबवलं. फक्त पिनेवरचं फडकं उचललं. लाल दोरा शाबूत, मोहोर शाबूत. आणि तिथं एक पिवळा ओघळ दिसला. तो काय असावा हे तेव्हा कळलं नाही, पण जवळून फोटो घ्यायला लावले आणि पिशवी आहे तशी जप्त केली.

त्या केंद्राशी संबंध नसलेला एक तज्ज्ञ आम्ही बाहेरून बोलावला. ठाण्यात पंचांसमोर त्यानं पिशवी पाहिली. दोरा चिमटीत धरून ओढला. मग बोटाला गुंडाळून ओढला. दोरा तुटला नाही, त्याच्या बोटावर वळ उठला. मग तो माझ्याकडे वळला.

"साहेब, हा दोरा कच्चा सुती असतो. मूठ ओढली की तो तुटावा, म्हणूनच तो बांधतात. हे काय बांधलंय?"

काय बांधलंय ते मी ओळखलं होतं. कांद्याच्या लाल जाळीदार गोण्यांची तोंडं शिवायचा नायलॉनचा दोरा. आमच्या जिल्ह्यात तो कुठल्या घरी नाही? दुहेरी वेटोळी मारून पिन जखडून टाकली होती. पिशवी आपोआप उघडणारं एक यंत्रही आत असतं. त्याची मुदत कधीच संपलेली होती. राहता राहिलं मोठं पॅराशूट. त्याबद्दल तज्ज्ञ म्हणाला, "ते कुणाच्याही हातचं गुंतू शकतं. माझ्या हातचंही गुंतलंय. म्हणून तर राखीव देतात."

म्हणजे त्या माणसाला मारलं होतं ते या दोऱ्यानं. आता प्रश्न एवढाच होता की तो बांधला कुणी.

दोरा नायलॉनचा निघाल्याची बातमी मालकापर्यंत पोचली, कशी ते विचारू नका. दुसऱ्याच दिवशी तो वकील घेऊन ठाण्यात हजर.

"साहेब, तिचा नवरा मार्केटला हमाल आहे. हा दोरा तिच्याच घरचा. या बायका महा अडाणी. मागच्या दसऱ्याला मी गावाला गेलो होतो, तर यांनी सगळ्या पिशव्यांना हळद-कुंकू फासून ठेवलं. आल्यावर असं झापलं की पुन्हा हिंमत झाली नाही. आता हा दोरा. कुणाचा तरी जीव जाणारच होता."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी चहा मागवला. आरोपी बोलायला लागला की पोलिसानं चिडू नये. नंतर चिडायला आयुष्य पडलेलं असतं.

त्यांना चहा पीत बसवून मी शेजारच्या खोलीत गेलो. मावशीला जबाबासाठी बोलावलं होतं, महिला शिपाई तिच्याजवळ होती. मी तिला पूजेचं विचारलं. ती घाबरली.

"खंडेनवमीला आमी कोयता पूजायचो, साहेब. आता कोयता न्हाई, मग ज्यावर पोट हाय तेच पूजलं. मोठ्या छत्र्यांना फुलं वाह्यली. अन् राखीवच्या पिनेला हळदीचं बोट लावलं."

"पिनेलाच का?"

"जीव वाचवनारी तीच की. फडकं उचललं, एकच बोट वरनं खाली वढलं, अन् हात जोडले. दुसरं काय बी न्हाई केलं. माझं चुकलं का?"

"नाही, मावशी," एवढंच मी म्हणालो आणि परत आलो.

"तुमची रीतसर फिर्याद घेऊ," मी मालकाला म्हणालो. "सगळं नीट येऊ द्या. राखीव शेवटचं उघडलं कधी?"

"संक्रांतीच्या आठवड्यात. आमचे तज्ज्ञ आले होते. मी स्वतः समोर उभा होतो."

"पिन काढली होती?"

तो हसला. "पिन काढल्याशिवाय पिशवी उघडणार कशी, साहेब?"

"आणि तो दोरीचा फास?"

"नवा घातला. प्रत्येक वेळी नवाच घालतात."

"आणि दसऱ्यानंतर हळद?"

"सवालच नाही. माझा धाक आहे तिथं."

लेखनिकानं सगळं लिहिलं. वकिलानं वाचून मान डोलावली. मालकानं झोकात सही केली. मग मी मोठा करून घेतलेला फोटो त्याच्यापुढे ठेवला.

हळदीचं एकच बोट. फडक्याखालच्या कापडापासून सुरू झालेलं, पिनेवरून फासावर उतरलेलं, कुठंही न तुटलेलं. दसऱ्याचं बोट. संक्रांतीला पिन काढली असती आणि फास बदलला असता, तर ते बोट तिथंच तुटलं असतं. आणि नायलॉनचा दोरा त्या हळदीच्या वरून बांधलेला. म्हणजे दसऱ्यानंतर पिशवी उघडलीच नव्हती. जुना दोरा कापून नवा बांधला होता, नव्या तपासणीची मोहोर दिसावी म्हणून.

मालकानं फोटो उलटा करून ठेवला. वकिलानं पाणी मागितलं.

त्याच दुपारी त्याच्या कार्यालयाची झडती घेतली. ज्या खणाची किल्ली फक्त त्याच्या खिशात असायची, त्या खणात मोहोर दाबायचा चिमटा मिळाला आणि त्याच्या शेजारी लाल नायलॉनची रीळ. ज्या तज्ज्ञाचा हवाला त्यानं दिला होता, तो संक्रांतीला या जिल्ह्यात आलाच नव्हता. मग मालकाचा आवाज बदलला.

"साहेब, सीझन चालू होता. तज्ज्ञ बोलवायचा म्हणजे पिशव्या अडकून पडतात, बुकिंगं रद्द होतात. सगळीकडे असंच चालतं. सुती दोरा संपला होता, म्हणून म्हटलं चांगला मजबूत बांधू. तो तुटायला लागतो हे मला काय माहीत?"

ज्या धंद्यावर याचा बंगला उभा, त्या धंद्यातला दोरा तुटण्यासाठी असतो हे याला माहीत नव्हतं! हरभऱ्याच्या रानातली ती सोललेली बोटं माझ्या डोळ्यांपुढे आली. मी उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, नाहीतर त्या दिवशी माझ्या हातून खात्याला न शोभणारं काहीतरी झालं असतं. अटकेचा पंचनामा चालू असताना त्यानं मला एकच प्रश्न विचारला. झडतीत जप्त झालेली त्याची गाडी परत कधी मिळेल.

मावशीला मी स्वतः सांगितलं की तुझा यात काही दोष नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पन पयली छत्री तर माझ्याच हातची हुती ना, साहेब?" बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ गुंतण्याबद्दल काय म्हणाला ते मी तिला समजावलं. प्रशिक्षकाची बायको ठाण्यात आली होती, तिनंही मावशीचा हात धरून सांगितलं, "ते तुमचंच पॅकिंग मागून घ्यायचे." त्यावर मावशी आणखीच रडली.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला ऐकवलं. रडणं म्हणजे कबुली नव्हे. घटनास्थळी जो ऊर बडवून 'माझ्यामुळे झालं' म्हणतो, त्याच्यात फक्त माणुसकी जास्त असते. आणि आपण नेमके त्यालाच बेड्या घालायला धावतो, कारण तो पळत नाही, वकील आणत नाही, वरून फोन करवत नाही. मोहोरेचंही तसंच. शाबूत मोहोर पाहून आतलं काम झालंय असं धरून चालणारा पोलीस नोकरीला नालायक.

खटला अजून चालू आहे. मालक जामिनावर आहे आणि दुसऱ्या जिल्ह्यात जागा बघतोय असं ऐकतो. मी साक्षीला जातो, मावशीही येते. आता ती एमआयडीसीत पॅकिंगलाच आहे, खोकी भरते. पोरं शाळेत आहेत. कोर्टाच्या व्हरांड्यात ती माझ्याजवळ येऊन बसते आणि दर तारखेला तोच प्रश्न विचारते, "साहेब, खरं सांगा, माझी घडी तर चुकली नव्हती ना?"

समोरच्या बाकावर मालक बसलेला असतो, मोबाईल बघत. त्यानं तो प्रश्न मला एकदाही विचारलेला नाही.