उंबराखालचा डबा

सासूबाई गेल्यावर आठ महिने माझे सासरे घराबाहेर पडले नव्हते. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, पेपर वाचून झाला तरी तो हातात धरून. भूमापन खात्यात मोजणीदार म्हणून सगळी नोकरी झालेली. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचं नाव काढलं की तिथली नदी कुठे वळते ते सांगणारा माणूस. आता खाली दूध आणायलाही नको म्हणायचा.

जिओकॅशिंगबद्दल मला शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं. मी ते जेवताना घरी सांगितलं. कुणीतरी एखाद्या जागी छोटा डबा लपवतं, त्यात एक वही असते. जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकलेले असतात. आपण फोन घेऊन जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा.

"किती मीटरचा फरक येतो त्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

आठ महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न होता. मी त्याच रात्री ॲप घेतलं. दिंडोरीच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून आत एका टेकडीवर एक डबा दिसत होता. 'उंबराच्या मुळाशी, चौथऱ्यामागे' एवढाच खुलासा. रविवारी नवऱ्याची कंपनीत शिफ्ट होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. पिशवीत मी पाणी, चिवड्याचा डबा, सरबतासाठी दोन लिंबं आणि कुंडीतलं खुरपं टाकलं. या खेळात कधीच काही पुरलेलं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

थंडीचे दिवस होते. दहाच्या सुमाराला गाडी टेकडीखाली लावून आम्ही चढलो. वर शेंदूर लावलेला एक दगड, त्याच्याभोवती दगडी चौथरा आणि मागे मोठा उंबर. फोनवरचा बाण फिरत होता, डबा कधी चार मीटरवर दाखवायचा, कधी अकरा. सासरे चौथऱ्यामागे वाकून काठीने पाला बाजूला सारत होते, मी खुरप्याने एक दगड हलवून बघत होते. पाठीमागे मोटारसायकल थांबल्याचं मला ऐकू आलं, पण मी वळून पाहिलं नाही.

"काय चाललंय देवापाशी?"

तिशीतला एक माणूस उभा होता, अंगात काळं जॅकेट. त्याने फोन आमच्यावर रोखला होता आणि शूटिंग चालू होतं.

"काही नाही, एक डबा शोधतोय," मी म्हणाले. बोलल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, याहून वाईट उत्तर नव्हतं.

त्याने खाली हाक मारली. शेजारच्या मळ्यात टोमॅटोची तोडणी चालली होती. पाच-सात मिनिटांत पंधरा-वीस माणसं वर आली. कुणीतरी माझी पिशवी ओढून चौथऱ्यावर पालथी केली. लिंबं गडगडत शेंदराच्या दगडापाशी जाऊन थांबली.

"लिंबं बघा! खुरपं बघा!" जॅकेटवाला ओरडला. "गुप्तधन काढाया आलेत."

"अहो, लिंबं सरबतासाठी..."

"आन खुरपं? ते पन सरबतासाठी?"

कुणी हसलं नाही. अशा बातम्या मी पेपरात वाचल्या होत्या. संशयावरून जमाव जमतो आणि खरं काय ते फार उशिरा कळतं. नवऱ्याला फोन लावावा म्हटलं तर माझ्या फोनला रेंज नव्हती.

सासरे पुढे झाले. त्यांना वाटलं, आपली ओळख सांगितली की निवळेल. "मी मोजणी खात्यातला आहे, रिटायर झालोय. हे फोनवरचं..."

"मोजनी?" मागून एक म्हातारा पुढे घुसला. "कुनाची जमीन मोजताय? रस्त्यात कुनाची चाललीय?"

आता दोन गट झाले. एकाला आम्ही गुप्तधनवाले वाटत होतो, दुसऱ्याला सरकारी. जॅकेटवाल्याने सासऱ्यांचं मनगट धरलं. बहात्तर वर्षांच्या माणसाचं ते मनगट, हाडावर नुसती कातडी. मला रडू येत होतं आणि राग येत होता. यांना घरातून बाहेर मीच काढलं होतं.

"हात सोड," सासरे म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "मी कुठं पळणार? माझं पळायचं वय आहे का?"

त्याने सोडला नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि एक बाई वर आली. पस्तिशीची असेल, डोक्याला फडकं, टोमॅटो तोडून हात हिरवेकाळे झालेले. "मी हितली पोलीस पाटील," ती म्हणाली. "आधी बाबांचा हात सोड." मग माझ्याकडे वळली. "सांगा, काय हाय ते नीट."

मी सगळं सांगितलं. ॲपवर आधीच उघडलेलं पान दाखवलं. तिने ते दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलं.

"म्हंजे हितं एक डबा हाय आन त्यात वही हाय. मग काढून दाखवा. डबा निघाला तर तुमचं खरं."

लोकांनी आमच्याभोवती कडं केलं आणि आम्ही पुन्हा शोधायला लागलो. मी मुळांच्या खाचांत हात घातले, चौथऱ्याच्या फटी चाचपल्या. काही नाही. दहा मिनिटं गेली, मग पंधरा. मागे कुजबुज वाढत होती. "गाडीची चावी काढून घ्या," असं कुणीतरी म्हटलेलं मी स्पष्ट ऐकलं.

सासरे चौथऱ्यावर बसले होते. मला वाटलं, त्यांना त्रास होतोय. जवळ गेले तर म्हणाले, "एका जागी थांब. फोन सपाट धर, हलू नकोस. अंतराचा आकडा स्थिर झाला की सांग." मग त्यांनी मला उंबराच्या चार बाजूंना उभं केलं. प्रत्येक वेळी मी आकडे वाचले आणि ते काठीने मातीत रेघा ओढत गेले. माणसं बघत होती. शेवटी ते उठले, सहा पावलं मोजली आणि एका वर आलेल्या मुळापाशी काठी टेकली.

मी पाला दूर केला. मुळाखाली पोकळी होती आणि तिच्यात ओल्या मातीत चौकोनी ठसा. त्यावर गवताचं पातं नव्हतं.

"इथंच होता," सासरे म्हणाले. "काढून फार दिवस झालेले नाहीत."

आम्हाला हायसं वाटायला एक क्षणसुद्धा मिळाला नाही.

"म्हंजे काढलं!" जॅकेटवाला ओरडला. "आधीच येऊन काढलं यांनी! गाडीत बघा!"

चार-पाच जण उताराने गाडीकडे पळाले. पोलीस पाटील बाई त्यांना थांबवायला ओरडत होती. मी सासऱ्यांचा दंड घट्ट धरला.

"म्या नेला तो."

आवाज इतका बारीक होता की आधी कुणी ऐकलाच नाही. गर्दीच्या कडेला एक म्हातारी उभी होती, हातात शेरडं वळायची काठी. ती पुन्हा म्हणाली, "डबा म्या नेला. चांगला घट्ट झाकनाचा व्हता. दाताला लावायची मिश्री ठिवली त्यात."

सगळे तिच्याकडे वळले. जॅकेटवाल्याचा चेहरा पडला. ती त्याचीच आजी होती, हे त्याच्या बोलण्यावरून कळलं. "आजे, तू गप बस ना!"

"गप कशी बसू? त्या बाबाला मारताल तुम्ही!"

पोलीस पाटील बाईने एका बाईला म्हातारीसोबत घरी पाठवलं. त्या परत येईपर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात गाडीकडे पळालेले हात हलवत परत आले. मग डबा आला. चारी बाजूंना कड्या असलेला साधा प्लॅस्टिकचा डबा, तळाला काळी मिश्री. म्हातारीने पदराआडून वही काढली, पिशवीत गुंडाळलेली. "लिवलेलं व्हतं म्हनून टाकली नाय," ती म्हणाली. "एक चावीचा छल्ला व्हता, तो पनतीनं हरवला."

पोलीस पाटील बाईने वही मोठ्याने वाचली. "छान जागा. पाणी सोबत आणा." पुढच्या पानावर, "मुलाबरोबर आलो. त्याला पहिल्यांदाच सापडला." वाचता वाचता तिचा आवाज सैल झाला. दोघं-तिघं हसले. जॅकेटवाला फोन खिशात घालून मोटारसायकलकडे निघाला.

"व्हिडिओ पाठवला का कुठं?" तिने त्याला अडवलं.

"गेला गटावर," तो खाली बघत म्हणाला.

डबा आम्ही म्हातारीलाच राहू दिला. चिवडा कागदावर काढून सगळ्यांत वाटला आणि त्या स्टीलच्या डब्यात वही ठेवली. पोलीस पाटील बाईने अट घातली, देवाच्या चौथऱ्याजवळ नको. सासऱ्यांनी टेकडीच्या पायथ्याची दगडी ताल, म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध, दाखवला. ज्यांचा बांध होता ते शेतकरी तिथेच होते, ते म्हणाले ठेवा. वहीत सासऱ्यांनी सही केली, मी केली, आणि थोडं थांबून पोलीस पाटील बाईनेही केली. डबा मूळ ज्यांनी ठेवला होता त्यांना मी संध्याकाळी ॲपवरून सगळं कळवलं. त्यांनी माफी मागितली आणि जागा दुरुस्त केली.

परतीच्या वाटेवर म्हसरूळजवळ चहाला थांबलो तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं, नोकरीच्या सुरुवातीला एका गावाने त्यांना मोजणीच्या साखळीसकट देवळात दिवसभर कोंडून ठेवलं होतं. "तुझ्या सासूला कधी बोललो नाही. पुढच्या मोजणीला जाऊ दिलं नसतं तिनं." कप दोन्ही हातांत धरून ते बसले होते. चहा निवला तरी प्यायला नाही.

तो व्हिडिओ तिसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या गटावर आला. 'गुप्तधन टोळीपासून सावध राहा', चेहरे अस्पष्ट. मी घाबरून फोन उलटा ठेवला. सासऱ्यांनी मात्र चष्मा लावून तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि एका बोटाने टाइप करत अर्धा तास घालवला. त्यांनी लिहिलं होतं: "यातला म्हातारा मी आहे. सूनबाई माझ्या शेजारी आहे. खरं काय झालं ते ऐकायचं असेल तर संध्याकाळी घरी या."

सात जण आले. मला दोनदा चहा टाकावा लागला.